अधिक की वजा?

‘अधिक करायचं की वजा?’

तिसरी-चौथीतल्या मुलाचा अभ्यास जिथे घरी घेतला जातो तिथे संध्याकाळी हा प्रश्न हमखास ऐकू येतो. वही उघडी असते, पेन्सिलीला टोक काढलेलं असतं, उदाहरणही वाचून झालेलं असतं. निदान डोळ्यांखालून गेलेलं असतं. मुलाला बेरीज येते, वजाबाकी येते, हातचा विसरत नाही, बाराचा पाढा न अडखळता म्हणता येतो. अडतं ते यातलं नेमकं काय करायचं तिथे. मग मोबाइलवरून नजर न काढता बाबा म्हणतात, ‘उरले किती असं विचारलंय ना? मग वजा.’ मूल वजा करतं, उत्तर बरोबर येतं, वहीत बरोबरची खूण होते. पुढच्या उदाहरणाला पुन्हा तोच प्रश्न.

पालकसभेत हेच गाऱ्हाणं जरा वेगळ्या शब्दांत येतं. ‘आकडेमोड चांगली आहे हो त्याची, शाब्दिक उदाहरणं तेवढी जमत नाहीत.’ त्यावर बाईंचाही उपाय ठरलेला असतो, ‘सराव वाढवा.’ मला हे निदानही पटत नाही आणि उपायही. ज्याला आकडेमोड येते आणि शाब्दिक उदाहरण येत नाही, त्याचा गणितातला एखादा प्रकार कच्चा असतो असं नव्हे. तो ते उदाहरण वाचतच नाही. आणि न वाचता सोडवायची सवय त्याला मोठ्यांनीच लावलेली असते. सराव वाढवला की ती सवय तेवढी पक्की होते.

१९८० च्या सुमाराला फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणितशिक्षणाच्या संस्थेत काही अभ्यासकांनी एक खोडी काढली. प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना त्यांनी उदाहरण घातलं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे जुळवून वय काढून दिलं. २६ अधिक १०, म्हणजे ३६. कप्तानाला शोभेल असंच वय! स्टेला बारुक या फ्रेंच गणितशिक्षिकेने पुढे १९८५ मध्ये ‘कप्तानाचं वय’ याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि हे उदाहरण जगभर गेलं. २०१८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एका जिल्ह्याने पाचवीच्या परीक्षेत तेच मेंढ्या-बकऱ्यांचं उदाहरण घातलं, तेव्हा पालकांनी समाजमाध्यमांवर केवढा गदारोळ केला. मुलांनी डोळे उघडे ठेवून प्रश्न वाचावा म्हणूनच तो घातला होता, असा खुलासा तिथल्या शिक्षण खात्याला करावा लागला.

ही मुलं मठ्ठ होती असं समजण्यात अर्थ नाही. शाळेत दोन-तीन वर्षं काढली की मूल एक अलिखित करार शिकतं. पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतं. ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं. दिलेला आकडा वाया जात नाही. आणि नुकताच वजाबाकीचा धडा झाला असेल तर करायची असते वजाबाकीच. इतकं कळल्यावर मेंढ्या कशाला वाचायच्या? बाजारात मिळणाऱ्या सरावसंचांत तर ‘बेरजेची शाब्दिक उदाहरणे’ असा मथळाच असतो. मथळ्यानेच गुपित फोडल्यावर खाली गोष्ट लिहिण्याचे कष्ट तरी कशाला घ्यायचे?

या करारावर शिक्का मारणारी वस्तू म्हणजे एक तक्ता. कितीतरी वर्गांत तो भिंतीवर असतो, आणि शिकवणीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला जातो. एकूण, मिळून, सर्व: बेरीज. उरले, कमी, फरक: वजाबाकी. पट, प्रत्येकी: गुणाकार. समान वाटणी: भागाकार. तक्ता करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सोप्या उदाहरणांत तो चालतोही. खरी अडचण तीच आहे. दुसरीत दहातली नऊ उदाहरणं त्याने सुटतात, मुलाचा त्याच्यावर विश्वास बसतो आणि चौथीत तोच विश्वास घात करतो. हे पाहा. ‘राजूकडे ४५ रुपये आहेत. त्याच्याकडे मीनापेक्षा १८ रुपये जास्त आहेत. तर मीनाकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की मूल ४५ मध्ये १८ मिळवून ६३ सांगून मोकळं होतं. राजूकडे जास्त आहेत, म्हणजे मीनाकडे कमी असणार, एवढा साधा विचार करायला ते थांबत नाही, कारण थांबायचं नसतं असंच ते शिकलंय. शब्द एका बाजूला ओढतो आणि गोष्ट दुसऱ्या बाजूला जाते अशी उदाहरणं मोठ्यांनाही चकवतात. अमेरिकेत लुइस आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये कॉलेजातल्या विद्यार्थ्यांकडूनही नेमक्या याच चुका होताना दाखवल्या होत्या.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी या घाईत भर घालते. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे. २०१७ पासून काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती. पहिल्या पेपरात भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. बहात्तर सेकंदांत वाचायचं, समजून घ्यायचं, मांडायचं, सोडवायचं आणि चार पर्यायांतला गोल काळा करायचा. अशा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला क्लासवाले शब्द हेरायला शिकवतात यात नवल नाही. गंमत अशी की परीक्षेतले चांगले प्रश्न नेमके अशा हेरगिरीलाच फसवणारे असतात. ‘रांगेत अमोल डावीकडून सातवा आणि उजवीकडून नववा आहे, तर रांगेत एकूण मुलं किती?’ ‘एकूण’ दिसतं, मूल १६ वर खूण करतं. सोळा हा पर्याय तिथे मुद्दामच ठेवलेला असतो. अमोलला दोनदा मोजलंय हे कागदावर सात टिंबं काढल्याशिवाय दिसत नाही. टिंबं काढणाऱ्या मुलाला मात्र ‘वेळ घालवू नकोस’ म्हणून दटावलं जातं.

आता याच्या उलट बाजूचं एक उदाहरण सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग तोच आहे. १९८३ साली टॉम हडसन या संशोधकाने लहान मुलांना एक चित्र दाखवलं. त्यात पाच पक्षी होते आणि तीन अळ्या. ‘अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?’ असं विचारल्यावर बालवाडीच्या वयातल्या चौघांपैकी एकालाच बरोबर उत्तर देता आलं. मग तेच चित्र समोर ठेवून प्रश्न बदलला. ‘समजा, सगळे पक्षी अळ्या पकडायला धावले आणि प्रत्येकाने एकेक अळी पकडायचा प्रयत्न केला. किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ या वेळी ९६ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. चित्र तेच, आकडे तेच, वजाबाकीही तीच. पहिल्या प्रश्नात काहीच घडत नव्हतं, दुसऱ्यात कुणीतरी उपाशी राहत होतं.

याचा अर्थ तुलनेचे प्रश्न मुलांना विचारूच नयेत असा नाही. ‘पेक्षा किती जास्त’ हे त्यांना कधीतरी समजावंच लागेल. पण ती अडली तर ‘वजा कर’ म्हणण्याऐवजी त्या तुलनेला काहीतरी घडायला लावावं. राजू आणि मीना यांना समोरासमोर उभं करावं आणि दोघांना एकेक रुपया खाली ठेवायला लावावं. मीनाचे संपले तरी राजूच्या हातात १८ आहेत. मग मीनाकडे किती होते? घरी हे नाण्यांनी, चिंचोक्यांनी किंवा शेंगदाण्यांनी होतं. शेंगदाण्यांनी केलं तर उत्तर लवकर काढावं लागतं, एवढंच.

गोष्टीला असं आधी आणणं वर्गातही जमतं. सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग बसला होता. बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: शाळेच्या परसबागेत मुलांनी काही रोपं लावली. त्यातली काही वाळली.

‘बाई, आकडं राहिलं लिहायचं,’ पुढच्या बाकावरून आवाज आला.

‘राहिलेले नाहीत. आकडे नाहीतच. काय झालं ते सांगा.’

वर्ग आधी बावचळला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं पाणी घातलं नसंल, कुणी म्हणालं सुट्टीत वाळली असतील, एकाने शेजारच्या वस्तीवरच्या शेळीचं नाव घेतलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आत्ता बागेत आहेत त्याच्यापेक्षा लावली होती ती जास्त की कमी?’ सगळे म्हणाले, जास्त. एका मुलीला ‘का?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘वाळलेली पण लावलीच हुती की.’ तेव्हा कुठे बाईंनी पहिला आकडा लिहिला: आता बागेत ३८ रोपं आहेत. मग दुसरा: १४ रोपं वाळली. आणि शेवटी प्रश्न: सुरुवातीला किती रोपं लावली होती?

एका मुलाने सवयीने ३८ मधून १४ वजा करून २४ सांगितले. वाळली, गेली, म्हणजे वजा. बाईंनी चूक की बरोबर काहीच सांगितलं नाही. त्याच्या मागे बसलेला पोरगा म्हणाला, ‘आरं, आत्ताच ३८ हायत. मग लावताना २४ कशी असतील?’ पहिल्याने खाली पाहिलं, खोडलं आणि ५२ लिहिलं. बाईंनी शब्द न उच्चारता चूक दुरुस्त झाली, कारण ती चूक आता गणितातली नव्हती, बागेतली होती. फळ्यावर एक उदाहरण सोडवायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात एरवी आठ झाली असती, हे बाई स्वतःच म्हणाल्या. ‘पण आठातली सहा मीच सोडवली असती.’

आकडे झाकून उदाहरण वाचायची ही युक्ती घरीही करता येते. पुस्तकातल्या आकड्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या ठेवायच्या आणि मुलाला गोष्ट सांगायला लावायचं. ती सांगता आली नाही तर गणित अजून सुरूच झालेलं नाही.

ऑस्ट्रेलियात १९७७ मध्ये अॅन न्यूमन यांनी सहावीतल्या कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांच्या चुका अशाच शोधून पाहिल्या. मुलाने चुकवलेलं उदाहरण घ्यायचं आणि पायरीपायरीने विचारायचं: वाचून दाखव, काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग, कसं काढशील, काढून दाखव, आता उत्तर लिही. पाय कुठे घसरतो ते बघायचं. जवळपास निम्म्या चुका आकडेमोडीपर्यंत पोचायच्या आधीच झाल्या होत्या: कुणाला वाचता आलं नव्हतं, कुणाला कळलं नव्हतं, कुणाला कळलं तरी कुठली क्रिया करायची ते ठरवता आलं नव्हतं. आपल्याकडे असं मूल चुकलं की त्याला पाढे पाठ करायला बसवतात. ताप एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

वाचण्याच्या पायरीवर आपल्या राज्यात आणखी एक गुंता आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं, पालघरमध्ये वारली बोलणारं, भामरागडकडे माडिया बोलणारं मूल शाळेत मराठी उदाहरण वाचतं तेव्हा ते दुसऱ्या भाषेत वाचत असतं. शहरांत आणि आता गावांतही सेमी इंग्रजीची टूम आहे. घरात मराठी, शाळेत बहुतेक विषय मराठी आणि गणित इंग्रजी. ‘बारापेक्षा पाचने कमी’ असं मराठीत वाचलं तर आकडे वजाबाकीच्या क्रमानेच येतात, आधी बारा, मग पाच. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ म्हटलं की पाच आधी येतात आणि मूल पाचातून बारा वजा करायला बसतं. अशा मुलाला उदाहरण आधी मराठीत सांगू द्यावं. शाळेतला पेपर इंग्रजीत असला तरी डोक्यातली गोष्ट इंग्रजीत असायलाच हवी असं कुठे आहे?

मुलांना नेमका त्रास कुठे होतो हे विचारणारी माणसं आपल्याकडे थोडी झाली. त्यांत डॉ. मंगला नारळीकर यांचं नाव आधी घ्यायला हवं. त्या स्वतः संशोधक गणितज्ञ होत्या आणि ‘गणितगप्पा’ त्यांनी मुलांसाठी लिहिलं. २०१९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’, त्र्याऐंशीबरोबर ‘ऐंशी तीन’ असंही वाचायला सुचवलं, तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळ्यांनी थट्टा केली. त्र्याऐंशी ऐकून ३८ लिहिणारी मुलं मात्र कुणाच्या विनोदात आली नाहीत. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांची सूचना पटो न पटो, ती वर्गात बसलेल्या मुलाकडे बघून केलेली होती, हे थट्टा करणाऱ्यांबद्दल म्हणता येणार नाही.

वाचण्याच्या पायरीचं झालं. शेवटच्या पायरीकडे, म्हणजे उत्तर लिहिण्याकडे, आपलं लक्षच जात नाही. उत्तर आलं की त्याखाली दोन रेघा मारल्या की संपलं. एक उदाहरण घेऊ. २६ भागिले ४. आता २६ लाडू एकेका डब्यात ४ असे भरायचे तर डबे किती लागतील? सात. २६ रुपयांत ४ रुपयांच्या पेन्सिली किती येतील? सहा. २६ लाडू चौघा भावंडांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? साडेसहा. २६ मुलांच्या चारचारच्या टोळ्या केल्या तर किती मुलं उरतील? दोन. भागाकार एकच आणि बरोबर उत्तरं चार. वहीत मात्र चारही ठिकाणी ‘६, बाकी २’ लिहिलेलं सापडेल. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या देशव्यापी चाचणीत एक प्रश्न होता: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६ बसतात, बस किती लागतील? भागाकार साधारण ७० टक्के मुलांना बरोबर आला. ३२ बस हे उत्तर मात्र २३ टक्क्यांनीच लिहिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१, बाकी १२’. बारा सैनिक रस्त्यावर सोडून देश पुढे गेला.

गोष्ट मनात धरून ठेवली तर काय होतं, हे ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात दिसलं. तेरेझिन्हा न्युनेस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या मुलांकडून आधी माल घेतला आणि मग तेच हिशेब त्यांना कागदावर घातले. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, नारळ ३५ ला एक, तर दहा नारळांचे किती? शाळेतल्या पद्धतीने शेवटी एक शून्य लावलं की झालं. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे मिळवून २१०, आणखी तीन, ३१५, आणि एक राहिला, ३५०. रस्त्यावर या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. कागदावर नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्केच. आणि शाब्दिक उदाहरणं? ७४ टक्के. म्हणजे या मुलांना शब्द अडत नव्हते, शब्दांचा त्यांना आधार होता. अडलं ते शब्द काढून टाकल्यावर.

यावरून बाजारात पाठवलं की मूल गणितात हुशार होईल असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आदींनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. बाजारातली मुलं भाव, वजन आणि सुट्टे पैसे यांचे किचकट हिशेब मनातल्या मनात अचूक करत होती, पण शाळेतली साधी आकडेमोड त्यांना येत नव्हती. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं: कागदावर बरी, बाजारातल्या हिशेबात गडबड. मधला पूल कुणी बांधलेलाच नव्हता. मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनीही घरोघरी जरीकाम, चामड्याचं काम चालणाऱ्या वस्तीतल्या शाळकरी मुलांचं गणित तपासलं होतं. शाळेबाहेर या मुलांना जे येतं त्याची वर्गात कुणी विचारपूस करत नाही, हे तिथे दिसलं. शाब्दिक उदाहरण हाच तो पूल व्हायला हवा. पण ज्या पुस्तकांत एक माणूस बाजारातून ६० कलिंगडं घरी आणतो ती पुस्तकं हा पूल कसा बांधणार? वरच्या वर्गातला तो हौद तर अजरामर आहे. एका नळाने भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, आणि दुसरा नळ बंद करायचं कुणालाच सुचत नाही.

उदाहरण कसं असावं याचा नमुना मात्र आपल्याकडे साडेआठशे वर्षांहून जुना आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातले मोर, साप, हंस, कमळं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण ती उदाहरणं मुलांच्या हातात फारशी पडत नाहीत, हे वाईट आहे, कारण पाचवीच्या मुलाला सुटेल असं पुष्कळ काही तिथे आहे. भुंग्यांचं उदाहरण घ्या. एका थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश दुसऱ्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा दोन सुगंधांमध्ये अडकून हवेतच घिरट्या घालतोय. एकूण भुंगे किती? बीजगणित येणारा मोठा माणूस लगेच ‘क्ष मानू’ म्हणतो. पाचवीतल्या मुलाला क्ष नको. भास्कराचार्यांची रीत त्याला पुरते. त्यांनी तिला इष्टकर्म म्हटलंय: सोयीची कुठलीही संख्या धरायची आणि काय होतं ते बघायचं. तीस भुंगे धरू. पाचवा भाग ६, तिसरा भाग १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. सहा, दहा आणि बारा मिळून २८. उरले दोन. पण उरायला हवा एक. मग धरलेली संख्या निम्मी करू: १५. करून पाहा: तीन, पाच आणि सहा मिळून चौदा, आणि एक हवेत.

‘धरून बघ’ म्हणायला आपण घाबरतो, कारण ‘अंदाजपंचे’ हा आपल्याकडे वर्गातला गुन्हा आहे. पण धरून बघणारं मूल गोष्टीच्या आत शिरलेलं असतं, आणि चुकलं तर किती चुकलं हे त्याला कळतं. शिष्यवृत्तीवाल्यांचा आवडता कोंबड्या-शेळ्यांचा प्रश्न याच वाटेने सुटतो. डोकी २०, पाय ५६. शिट्टी वाजली की प्रत्येक शेळीने पुढचे दोन पाय वर उचलायचे. आता जमिनीवर पाय किती? वीस डोक्यांचे चाळीस. म्हणजे हवेत सोळा. प्रत्येक शेळीचे दोन, म्हणून शेळ्या आठ आणि कोंबड्या बारा. हे सांगताना मुलं स्वतः शेळ्या होऊन दाखवतात आणि तेवढ्यापुरती वर्गाची शिस्त बिघडते. बिघडू द्यावी.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा हिस्सा मठाला दिल्याचा तपशील आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने चालवावा यापरता चांगला हिशेब मला माहीत नाही.

घरी मदत करणाऱ्याला एक साधन मात्र आवर्जून सुचवीन, आणि ते म्हणजे कागदावर काढायच्या पट्ट्या. सिंगापूरने ऐंशीच्या दशकात खो टेक होंग यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांत ही पद्धत आणली. तिला ना खडू लागतो ना खास वही. ‘मीनाकडे राजूच्या तिप्पट बोरं आहेत. दोघांची मिळून ४८. मीनाकडे किती?’ तक्त्यावर विसंबलेलं मूल इथे ४८ ला तीनने गुणतं नाहीतर भागतं. त्याला राजूची एक पट्टी काढू द्या. खाली मीनाच्या तशाच तीन. बाजूला महिरप करून ४८. आता किती पट्ट्या मिळून ४८ झाले? चार, हे त्याला मोजूनच दिसतं. एक पट्टी १२, मीनाच्या ३६. पट्टी काढताना एकच पथ्य पाळायचं: पेन्सिल मुलाच्या हातात राहू द्यायची. मोठ्यांनी सुबक पट्ट्या काढून दिल्या तर मूल तेही बघून उतरवतं.

आणि उदाहरण मुलाला रचायला लावा. उत्तर ३५ यावं आणि त्यात वजाबाकी असावी, पण ‘उरले’ आणि ‘कमी’ हे शब्द नसावेत, एवढी अट घातली तरी चौथीतलं मूल पाच-दहा मिनिटं गुंतून राहतं. पहिल्या दोन-तीन वेळा ते पुस्तकातलंच राजू-मीनाचं उदाहरण आकडे बदलून आणतं. मग त्यात त्याच्या वर्गातल्या मुलांची नावं येतात, क्रिकेटच्या धावा येतात, मोबाइलच्या चार्जिंगचे टक्के येतात, आजीच्या गोळ्यांचं पाकीट येतं. ज्याने एकदा उदाहरण रचलं त्याला दुसऱ्याच्या उदाहरणातली माहिती कुठे लपवलेली असते तेही कळायला लागतं.

सुट्टी लागली की घरोघर सरावसंच उघडतात, आणि रोजच्या दहा उदाहरणांचा रतीब लागतो. त्याऐवजी रोज एकच घ्या. आधी मुलाला पुस्तक मिटून गोष्ट सांगू द्या, मग चित्र, मग आकडे. उत्तर आल्यावर ‘हे असं होऊ शकतं का?’ एवढं विचारा, आणि बरोबर असतानाही विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण होऊन बसते. संध्याकाळी मुलाने रचलेलं एक उदाहरण तुम्ही सोडवा. नाही सुटलं तर तसं त्याला सांगा. आणि शब्दांवरून क्रिया ओळखायचा तो तक्ता अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलेला असेल, तर आजच काढून टाका.